इंदूअक्काचे हिवाळे

फोन आला तेव्हा मी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानासमोर उभा होतो. हातात नळाचा जुना वायसर होता आणि तो अर्ध्या इंचाचा की पाऊण, यावर दुकानदाराशी माझी हुज्जत चालली होती. हातगाड्यांचा खडखडाट आणि रिक्षांचे हॉर्न, त्यात पलीकडचं बोलणं धड ऐकू येईना. धारवाडच्या सप्तापुरात इंदूअक्काच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी संगीता बोलत होती. अळणावरकडची मुलगी, विद्यापीठात शिकते. "सर, अक्कावरु होदरु," एवढंच ती म्हणाली. अक्का गेल्या. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं नाही म्हणून तिनं मागच्या बाजूनं जाऊन पाहिलं, तर अक्का खुर्चीतच होती. मी "येतो" म्हटलं आणि वायसर खिशात टाकून हुबळीहून धारवाडची बस धरली. बस नवनगरच्या पुढं आल्यावर एकदम आठवलं. चार दिवसांपूर्वी अक्कानं मला त्याच बाजारातून लाल इनॅमल रंगाचा एक छोटा डबा आणायला सांगितला होता. रंगाचं दुकान त्याच गल्लीत, वीस पावलांवर होतं. मी आधी वायसर घ्यायला थांबलो होतो.

इंदूअक्का म्हणजे माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. धारवाडातल्या एका कॉलेजात तिनं आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. उंच, सडसडीत, पायात कायम कॅनव्हासचे बूट. बोलणं तुटक. तिच्या विद्यार्थिनी तिला भ्यायच्या आणि पुढं मोठ्या होऊन मुलाबाळांना घेऊन तिला भेटायला यायच्या. पण या पुरवणीच्या वाचकांना तिच्याबद्दल सांगायचं ते एवढ्याचसाठी नव्हे. समुद्रापासून एवढ्या लांब, घाटाच्या वर राहणाऱ्या या बाईनं उभा जन्म समुद्राच्या लाटांपासून वीज काढायच्या विचारात घालवला. लोक हसायचे. "धारवाडात समुद्र कुठला, बाई?" असं कुणी म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, "सूर्य तरी कुठं धारवाडात आहे?"

हे खूळ लहानपणापासूनचं. सुट्टीत आम्ही भावंडं केलगेरीच्या तळ्यावर जायचो. बाकीची पोहायची, आणि मला, सगळ्यांत धाकटा म्हणून, अक्का काठावर बसवून कामाला लावायची. पाण्यावर एक पिंपळाचं पान सोडायचं, लांबून दगड टाकायचा आणि पान किती सरकतं ते बघायचं. लाटा काठाला येऊन लागायच्या, पान मात्र जिथल्या तिथं वरखाली व्हायचं. "बघितलंस? पाणी कुठं जात नाही मुकुंदा," ती म्हणायची. "जातो तो जोर. पाणी नुसतं हातचं हातात देतं." मी आठ वर्षांचा होतो, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पोहायला मिळालं नाही याचंच रडू येत होतं. पण मी पान बघत बसलो, कारण अक्कानं बस म्हटलं की बसायचं असायचं.

पुढं मी पदवी घेऊन सरकारी नोकरीला लागलो आणि हळूहळू वर सरकत बेंगळुरात एका कचेरीत अधिकारी झालो. कचेरीचं नाव घेत नाही, विजेशी संबंध असलेलं खातं होतं एवढं पुरे. आमच्या अप्पांची एक शिकवण मी घेऊन गेलो होतो. अप्पा कोर्टात शिरस्तेदार होते. कोर्टात काम असलेल्या माणसानं घरी आंब्याची पाटी पाठवली तर ते ती उचलून परत पोचती करायचे. नातेवाइकाचा दावा कोर्टात आला की त्या दिवसापासून त्या घरी जेवायलाही जायचे नाहीत. आमच्याकडं हे भूषण होतं. लग्नकार्यात चार माणसांत सांगितलं जायचं की, या घरातल्या माणसानं आपल्या माणसाचं काम कधी केलं नाही. मीही नोकरीत तसाच वागलो आणि त्याचा मला गर्व होता. आज हे लिहिताना त्या गर्वाची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

अक्का निवृत्त झाली त्या सुमाराला कारवारच्या अलीकडं एका गावात मच्छीमारांच्या बंदरासाठी समुद्रात भिंत घालायचं ठरलं होतं, लाटा अडवणारी. अक्का तिथं वर्षानुवर्षं जात होती, तिची खोली ठरलेली, खोलीची मालकीण कावेरीबाई ठरलेली. भिंतीची बातमी वाचली आणि ही बाई उठून बसली. तिचं म्हणणं साधं होतं. नाहीतरी भिंत बांधताय, तर बांधतानाच तिच्यात एक पोकळ खोली ठेवा, वरून बंद आणि खालून पाण्यात उघडी. लाट आली की खोलीतलं पाणी चढतं आणि आतली हवा वरच्या भोकातून बाहेर पळते. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. त्या भोकात पंखा बसवायचा. "पेटीचा भाता असतो ना, तसं. फक्त इथं भाता समुद्र मारतो," ती म्हणायची. बाहेरच्या देशांत अशा खोल्या बांधल्या होत्या, आपल्याकडंही पूर्वी एके ठिकाणी प्रयोग झाला होता, हे तिनं सगळं वाचून काढलं होतं. मात्र खोली ठेवायची तर भिंत बांधतानाच. एकदा दगड आणि काँक्रीट भरलं की झालं.

आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या टेबलावर नव्या वीज-धोरणाचा मसुदा होता. सूर्य, वारा, लहान धरणं, उसाचं चिपाड, अशी कुठल्या कुठल्या विजेला सरकारनं हात द्यायचा याची एक यादी त्यात होती. लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. आता धोरणाची यादी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. यादीत नाव असलं की परवानगी मागता येते, वीज विकत घ्यायला कुणीतरी बांधील राहतं, प्रयोगाला पैसा मागता येतो. नाव नसलं की तुमचा पंखा कितीही फिरो, सरकारच्या लेखी तो फिरत नाही. अक्काला त्या यादीत एक ओळ हवी होती, ‘समुद्राच्या लाटा व भरती-ओहोटी’. तेवढ्यासाठी तिनं दोन वर्षं बसून अहवाल लिहिला होता.

तो घेऊन ती बेंगळूरला आली. घरी उतरली, पण दुसऱ्या दिवशी कचेरीत स्वतंत्र आली, माझ्या गाडीतून नव्हे. मी तिला इतरांसारखी चिठ्ठी पाठवायला लावली आणि बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसवून ठेवलं. आत आल्यावर ती हसून म्हणाली, "अप्पाकाकांचा मुलगा शोभतोस हो." मला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा. अहवालाची एक प्रत तिनं रीतसर आवक टेबलावर दिली. दुसरी संध्याकाळी घरी माझ्या हातात ठेवली. "ही कचेरीची नव्हे, ही तुझी. निवांत वाच आणि कुठं लंगडं पडतंय ते सांग. इतर कुणाला विचारू? तू तळ्यावर बसलेला आहेस." अक्काची एक जुनी सवय होती. आलेखांचे मोठे कागद घडी घालून अहवालात बसवायची आणि घडी टपालात फडफडून फाटू नये म्हणून कोपऱ्याला घरी शिजवलेल्या खळीचा एक ठिपका लावून ती चिकटवायची. उघडायची तर आत पट्टी सरकवायची, टक् करून सुटते. शाळेत असल्यापासून तिच्या सगळ्या वह्यांना ही खळ. मी प्रत घेतली आणि लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवली. ज्या अर्जावर आपल्याला लिहायचंय तो अर्जदाराच्या हातून घरी घेऊन वाचणं बरोबर नाही, असं मनाला सांगितलं. निर्णय झाला की वाचू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी फाईलवर लिहिलं की अर्जदार माझ्या नात्यातल्या असल्यानं हा विषय दुसऱ्या अधिकाऱ्याकडं सोपवावा. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. ज्या गृहस्थांकडं विषय गेला त्यांना निवृत्तीला थोडे दिवस उरले होते आणि टेबल रिकामं करायची घाई होती. आठवड्यात फाईल फिरून माझ्याकडं आली. दोन ओळींचा शेरा होता. प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या अपुरा, हा स्रोत तूर्त यादीत घेण्याची आवश्यकता नाही. अहवाल खालीच जोडलेला होता. मी नुसता अंगठ्यानं कडा चाळून पाहिला. तिन्ही आलेखांचे कोपरे चिकटलेले होते. त्या माणसानं अहवाल उघडलासुद्धा नव्हता, हे मला तिथंच, त्या मिनिटाला कळलं. मी उठून पलीकडच्या खोलीत जायचं होतं आणि एवढंच म्हणायचं होतं की, साहेब, एकदा वाचा. शिफारस करा असं म्हणायचं नव्हतंच. पण मनात आलं, लोक काय म्हणतील, बहिणीसाठी शब्द टाकला. नकाराचं पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावरून बाहेर पडलं. अक्काच्या पत्त्यात घरनंबर चुकला होता, तेवढा मी दुरुस्त केला.

महिन्याभरानं मी धारवाडला गेलो तेव्हा सप्तापूरच्या तिच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर परत आलेला अहवाल होता. "बा, कूडु," ती म्हणाली. बसलो. आम्ही दोघं मधूनच कानडीत शिरायचो, विशेषतः बोलणं अवघड असलं की. तिनं अहवाल उचलला आणि मला कोपरे दाखवले. "खळ तशीच आहे बघ. उघडला नाही रे कुणी." आवाजात राग नव्हता. एखादं भांडं धुवायचं राहून गेलंय असं दाखवावं तसं दाखवत होती. मग म्हणाली, "तू तरी वाचलास ना?"

मी म्हटलं, "वाचला की."

हे दोन शब्द माझ्या तोंडून कसे गेले ते मी बारा वर्षं स्वतःला विचारतो आहे. नाही म्हणायला काय लागलं होतं... पण नाही म्हटलं असतं तर अख्ख्या जगात तिचा अहवाल एकाही माणसानं वाचलेला नाही हे तिच्या समोर ठेवावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला माझी अब्रूही वाचवायची होती. तिनं विचारलं, "मग? कुठं लंगडं पडलं?" काहीतरी बोलणं भाग होतं. लाटा पावसाळ्यात मोठ्या, थंडीत लहान, हे शाळेतल्या मुलालाही सुचेल. मी खाकरून म्हटलं, "हिवाळ्याचं जरा तोकडं वाटलं. हिवाळ्याचे आकडे अजून हवे होते."

ती माझ्याकडं बघत राहिली. "हिवाळ्याचं?"

"हं."

"तीन नंबरचा आलेख बघितलास?"

"सगळे बघितले."

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. मग अक्का उठली, अहवाल फडताळात ठेवला आणि म्हणाली, "बरं... हिवाळ्याचं बघू. चहा घे की." मी चहा घेतला. दोन कप घेतले, चांगला आठवतोय मला.

त्या डिसेंबरात ती कारवारच्या बाजूला गेली. सकाळची बस, कलघटगी, यल्लापूर करत घाट उतरणारी. बरोबर एक लांब लाकडी पट्टी, पुरुषभर उंचीपेक्षा मोठी, लाल-पांढरे पट्टे रंगवलेली. कंडक्टरशी त्या पट्टीवरून तिचं दरवर्षी भांडण व्हायचं. ही पट्टी जेटीच्या टोकाच्या खांबाला बांधायची, हातात स्टॉपवॉच घ्यायचं आणि एकामागून एक शंभर लाटांची उंची लिहायची. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी काढायची. दिवसातून तीनदा, पंधरा दिवस. तिथून ती मला पोस्टकार्ड टाकायची. ‘आज शंभर मोजल्या. समुद्र निजल्यासारखा आहे. कावेरीनं पेज दिली.’ एवढाच मजकूर. पहिलं कार्ड आलं तेव्हा आमची मालती, म्हणजे माझी बायको (तिला मी खरं सांगितलं होतं), ते वाचून म्हणाली, "तुमच्या एका वाक्यासाठी ती बासष्टाव्या वर्षी समुद्रात काठी बांधून उभी आहे. सांगून टाका." मी म्हटलं, सांगतो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कार्ड आलं, आणि त्याच्या पुढच्याही.

दरम्यान भिंत बांधून झाली. सगळी भरीव.

मी निवृत्त होऊन हुबळीला आलो आणि एका जानेवारीत मालतीनं धरूनच मला तिकडं नेलं. पाचवं वर्ष असेल. अक्का भिंतीच्या टोकाला छत्री धरून उभी होती. आता पट्टी तिनं जेटीवरून काढून भिंतीलाच बांधायला सुरुवात केली होती. जिथं खोली ठेवा म्हणून तिनं सांगितलं होतं, बरोब्बर तिथं. मला बघून तिनं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. कावेरीबाई पाठीमागं जाळ्याचा गुंता सोडवत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाईंचा भाऊ आला म्हणजे आज हिशेब लवकर होणार." मी घड्याळ धरलं. डोक्यात एकच होतं, आज सांगायचं. धीर करून म्हटलं, "अक्का, एक सांगायचं होतं तुला. त्या अहवालाचं..."

"मोजून होईपर्यंत बोलू नकोस. अठ्ठावन्न... एकोणसाठ..."

उरलेल्या एक्केचाळीस लाटा येऊन भिंतीवर आपटल्या, आणि प्रत्येक लाटेबरोबर माझा धीर थोडा थोडा सुटत गेला. शंभर झाल्यावर तिनं वही मिटली, चष्म्यावरचं पाणी पदरानं पुसलं आणि विचारलं, "काय सांगत होतास?"

"काही नाही. वारं फार आहे इथं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "इर्ली बिडो," म्हणाली. असू दे, सोड. मला वाटलं ती वाऱ्याबद्दल बोलतेय. परतीच्या बसमध्ये मालती माझ्याशी यल्लापूरपर्यंत बोलली नाही.

नंतर कधीतरी वर दिल्लीकडूनच परिपत्रक फिरलं की समुद्राच्या विजेलाही हरित वीज समजावी. ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती. अक्कानं कात्री घेऊन ती कापली, मला फोन केला आणि म्हणाली, "मुकुंदा, यादीत आलो रे." तिला इतका आनंद झाला होता की तिनं शेजाऱ्यांना बोलावून गूळ-शेंगदाणे वाटले. भिंतीचं तिनं तेव्हा नावही काढलं नाही. मीच म्हटलं, "उशीर झाला गं." तर म्हणाली, "दुसरी भिंत कुठंतरी बांधतीलच की. तोवर आकडे तयार पाहिजेत." त्या वर्षी ती पंधराच्या ऐवजी वीस दिवस राहिली. मी अधूनमधून तिच्यासाठी काही खटपट करायचो. निवृत्त झाल्यावर कुणाकडं शब्द टाकायला माझी काही हरकत नव्हती. एका इंजिनियरिंग कॉलेजच्या लोकांना तिच्याकडं नेलं, एकदोन जुन्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. शब्दाला वजन होतं तेव्हा मी तो गिळला, आणि वजन गेल्यावर वाटत सुटलो. कॉलेजवाले चहा पिऊन, फोटो काढून गेले.

शेवटची भेट दिवाळी झाल्यावरची. ती खंगली होती. पायऱ्या चढताना थांबायची, बोलताना मधेच श्वास घ्यायची. पट्टी दाराआड उभी होती आणि तिचा लाल रंग पार उडाला होता. "या खेपेला मला एकटीला जमणार नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं. "तू चल. घड्याळ तू धर, मी बसून मोजते. पंधरा दिवस नाही, आठच." मी माझा गुडघा चोळला. म्हटलं, "डॉक्टरनं प्रवास करू नको म्हटलंय, गुडघ्याचं फार वाढलंय. पुढच्या वर्षी नक्की." आठ दिवस तिच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज तेच विचारांत यायचं, आज सांगू की उद्या. त्यापेक्षा गुडघा सोपा होता. ती म्हणाली, "बरं. मग निदान दुर्गदबैलातून लाल रंगाचा डबा आण. इनॅमल. लहानच आण, पट्टीपुरता." तो डबा आणायचं मी कबूल केलं, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

सगळे दिवस पार पडल्यावर संगीतानं मला बोलावून घेतलं. बाहेरची खोली तिनं झाडून ठेवली होती. टेबलावर वह्या एकावर एक, बारा हिवाळ्यांच्या बारा. "सर, ही पट्टी पण तुम्हीच न्या," ती म्हणाली. मला आधी दाराआडची वाटली, पण तिच्या हातात अक्काची टेबलावरची स्टीलची पट्टी होती, घड्या उघडायची. मी वह्या आणि ती पट्टी घेऊन हुबळीला आलो. लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणात माझी प्रत होती. बेंगळूरहून इथं सामान हलवताना मालतीनं ती कापडात गुंडाळून आणली होती आणि दर दिवाळीला झटकून परत ठेवली होती. बारा वर्षांत मला एकदाही ती उघडायचं धाडस झालं नव्हतं. एका कोपऱ्याची खळ कसरीनं खाल्ली होती, बाकीचे कोपरे घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जेवणाच्या टेबलावर बसून मी तो अहवाल पहिल्या पानापासून वाचला. मालती समोर मटार सोलत होती. पहिला आलेख उघडला, तो भरती-ओहोटीचा. आपल्या किनाऱ्यावर भरती तोकडी आहे, तिच्या नादी लागू नये, असं तिनं स्वतःच सरळ लिहून टाकलेलं. दुसरा लाटांचा. मग तिसऱ्याच्या घडीत पट्टी सरकवली. टक् करून सुटली.

आत बारा महिने आडवे मांडले होते. निळ्या शाईनं समुद्राचा जोर, लाल शाईनं उन्हाचा. पावसाळ्यात निळी रेघ उंच आणि लाल खाली बसलेली. दिवाळीनंतर निळी उतरत जाते आणि लाल तिच्या वर चढते. हिवाळ्यात समुद्राकडं जे कमी पडतं ते उन्हाकडून भरून निघतं, म्हणून दोन्ही एकत्र जोडा, असं खाली छापलेलं. म्हणजे अहवालाचा सगळा प्राण त्या एका कागदात होता. आणि मी तिला सांगून बसलो होतो, हिवाळ्याचं तोकडं आहे. छापलेल्या ओळींच्या खाली, फक्त माझ्या प्रतीत, पेन्सिलनं तिच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘मुकुंदा, तू पहिल्यांदा हिवाळ्याचंच विचारशील. उत्तर इथं आहे. हे पटलं तर मला बाकी कुणाची भीती नाही.’

त्या दिवशी सप्तापुरात मी "सगळे बघितले" म्हटलं, त्याच क्षणी तिला कळलं होतं. चहा घे की, म्हणाली ती, सगळं कळून. मग ती बारा वर्षं तिथं कशाला जाऊन उभी राहिली? मी मालतीला विचारलं. मालती शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून गेली असेल. तिच्याजवळ तेवढंच होतं ना, एका माणसाचं म्हणणं." मग उठून आत गेली. मला ते पटतं, आणि पटत नाही. कधी वाटतं, ती मला दरवर्षी पंधरा दिवसांची मुदत देत होती. कार्डं टाकत होती, आज शंभर मोजल्या, आज शंभर मोजल्या, अजून सांगितलं नाहीस. कधी वाटतं, असा हिशेब ती करणारच नाही, तिला समुद्राजवळ राहायला निमित्त हवं होतं आणि ते मी दिलं. कुठलं खरं हे आता कुणाला विचारणार. मी चूक केली एवढं मात्र नक्की आहे, आणि ती प्रामाणिकपणाच्या नावाखाली केली. नातं सांभाळायला भ्यालो, मग खरं सांगायला भ्यालो. माझ्या बहिणीचं एवढंच मागणं होतं की मी वाचावं.

परवा जाऊन लाल रंगाचा डबा आणला. इनॅमल, लहान. धारवाडहून आणलेली लांब पट्टी आता आमच्या पुढच्या खोलीत आडवी पडली आहे, अर्धे पट्टे रंगवून झालेत, अर्धे व्हायचेत. मालतीनं खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून दिली आहेत. कावेरीबाईंना फोन केला होता, त्या म्हणाल्या खोली रिकामीच आहे, बाईंची खोली कुणाला दिलेली नाही. डिसेंबर लागलाय. कलघटगीवरून कारवारला जाणारी बस सकाळी सुटते. गुडघ्याचं विचाराल तर तो ठीक आहे. तेव्हाही ठीकच होता.